हिमालयातला बर्फ आणि हिमस्खलनाचा धोका: महाराष्ट्रातून जाणाऱ्या ट्रेकर्सचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर ते जून या काळात पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरहून ट्रेकर्सचे गट उत्तराखंड, हिमाचल आणि काश्मीरला निघतात. निघण्याआधीच्या बैठकीत बूट, जॅकेट, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) यांवर तासभर बोलणं होतं आणि हिमस्खलनाचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. त्या पाच मिनिटांत आणि नंतर फोनवर जे प्रश्न विचारले जातात ते इथे घेतले आहेत. ही माहिती वाचून कोणी तज्ज्ञ होणार नाही. पण कुठे थांबायचं, कुठून मागे फिरायचं आणि गाइडला नेमकं काय विचारायचं, एवढं यातून नक्की समजेल.

आम्ही साधा ट्रेक करतोय, शिखरावर चढत नाही. आम्हाला हिमस्खलनाचा काय धोका?

28 फेब्रुवारी 2025 रोजी बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर भल्या सकाळी हिमस्खलन कोसळलं. 54 कामगार त्यात सापडले, आठ जण दगावले. त्यांच्यापैकी कोणीही चढाई करत नव्हतं; ते आपल्या कंटेनरमध्ये होते. 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर सात पर्यटक गेले, तेही गिर्यारोहक नव्हते. फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचीनवर सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गाडले गेले, त्यात आपल्या साताऱ्याचाही एक जवान होता.

तुम्ही काय करताय याला डोंगराच्या लेखी महत्त्व नाही. तुमच्या डोक्यावर काय आहे, याला आहे. केदारकांठा, दयारा, ब्रह्मताल अशा हिवाळी ट्रेकची रुळलेली वाट बरीचशी जंगलातून आणि मंद उताराच्या बुग्यालांतून, म्हणजे उंचावरच्या कुरणांतून, जाते, म्हणून तिथे एरवी धोका कमी. पण शेवटची तीव्र चढण, वाटेत आडवा येणारा एखादा ओढा, किंवा फोटोसाठी वाट सोडून गाठलेला मोकळा उतार इथे हिशोब बदलतो. रात्रीत दोन फूट बर्फ पडला तर कालचीच वाट आज वेगळी असते.

हिमस्खलनात नेमकं सुटतं काय?

दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवा. पहिल्यात सुटा, भुसभुशीत बर्फ एका बिंदूपासून सुटतो आणि खाली जाताना पसरत जातो. हा बहुतेकदा लहान असतो, पण कड्याच्या टोकावर किंवा घळीत माणसाला ढकलून द्यायला तेवढाही पुरतो.

दुसरा प्रकार म्हणजे लादी सुटणं. ट्रेकर आणि स्कीअर यांचे बहुतांश बळी याच प्रकारात जातात. वर एकसंध, घट्ट झालेली बर्फाची लादी, तिच्याखाली एखादा कच्चा थर, आणि त्याखाली कडक बर्फ किंवा जमीन, अशी ही रचना असते. कच्चा थर कधी कधी एक सेंटिमीटरचाही नसतो. माणसाच्या वजनाने तो एका जागी चुरला की भेग त्या थरातून क्षणार्धात आडवी पसरते आणि अख्खा उतार एकदम हलतो. तुम्ही लादीच्या कडेला नसता, मधोमध उभे असता, आणि तुटलेली कड तुमच्या बरीच वर दिसते. म्हणून तिथून पळून सुटणं जवळपास अशक्य.

एक गोष्ट मनात पक्की बसवा: अपघातात सापडलेल्या लोकांपैकी सुमारे 90 टक्के प्रसंगांत लादी त्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्याने स्वतःच सोडवलेली असते. म्हणजे बहुतेक वेळा निर्णय आपल्या हातात असतो.

सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरतोय. त्या अनुभवाचा उपयोग होईल ना?

दम, तोल, नकाशा, गटाची शिस्त यांसाठी नक्की होईल. वाट निवडण्याच्या बाबतीत मात्र तीच सवय उलटी पडू शकते, आणि या पानावरची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

सह्याद्रीत वर चढायचं तर आपण नळी शोधतो. कड्यातली घळ हा नैसर्गिक जिना, दोन्ही बाजूंना आधार, वर खिंड. धारेवर वारा, दृष्टिभय, घसारा. म्हणून नवख्यांना घेऊन आपण धार टाळतो. मुक्काम करायचा तर ओढ्याजवळ, आडोशाला, सपाटीवर.

बर्फात यातलं जवळपास सगळं फिरवायचं. नळी म्हणजे वरच्या सगळ्या उतारांचा बर्फ जिथून खाली येतो तो मार्ग. शिवाय छोटीशी लादी सुटली तरी सगळा बर्फ नळीच्या तळाशी जमा होतो आणि माणूस खोल गाडला जातो. मोकळ्या, पसरट उतारावर जो बर्फ गुडघ्याएवढा साचला असता तोच घळीत दोन पुरुष खोल होतो. धार किंवा डोंगराची रुंद सोंड वाऱ्याची असली तरी सुरक्षित, कारण तिच्या डोक्यावर काही नसतं आणि वारा तिथला बर्फ उडवून नेतो. तंबू ओढ्याच्या मुखाशी लावायचा नाही. वरच्या नळीतून आलेला बर्फ जिथे पसरतो ती पंख्याच्या आकाराची सपाटी तंबूसाठी फार छान दिसते. तिथे झाडं का नाहीत, हे स्वतःला विचारा.

किती उताराला धोका असतो? तो मोजायचा कसा?

लादी साधारणपणे 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटते, त्यातही 35 ते 40 अंशांच्या आसपास सर्वाधिक. 30 च्या खाली सहसा सुटत नाही. 50 च्या वर बर्फ साचण्याआधीच सतत घसरून जातो. घोटाळा असा की माणसाला चालायला आणि घसरगुंडी करायला मजेदार वाटणारा उतार नेमका 30 ते 40 मध्ये येतो.

डोळ्याच्या अंदाजावर विसंबू नका. वरून पाहताना आणि समोरून पाहताना एकच उतार वेगळा वाटतो. ट्रेकिंग पोल उताराच्या दिशेने बर्फावर आडवा ठेवा, त्यावर मोबाइल ठेवा आणि कोन दाखवणारं कुठलंही अॅप उघडा. दहा सेकंदांचं काम आहे. घरी नकाशावर करायचं तर समोच्च रेषा मोजा: आडव्या 173 मीटरमध्ये 100 मीटर चढ म्हणजे 30 अंश, आडव्या 140 मीटरमध्ये 100 मीटर चढ म्हणजे साधारण 35. ऑनलाइन नकाशांवर उताराचे रंग दाखवणारा थर मिळतो, तो जाण्याआधी जरूर पाहा. पण हिमालयाची उपलब्ध उंचीमाहिती ढोबळ आहे. पंधरा-वीस मीटरचा तीव्र टप्पा तीत दिसतच नाही, आणि माणूस गाडायला तेवढा टप्पा पुरतो.

आपण स्वतः सपाटीवर असलो तरी वरच्या उताराच्या टप्प्यात आहोत का, हेही पाहायचं. तुम्ही उभे आहात तिथून बर्फ सुटू शकेल त्या वरच्या जागेकडे मोबाइल रोखा. तो कोन 25 अंशांहून जास्त असेल तर तुम्ही टप्प्यात आहात असं धरा. फार मोठी हिमस्खलनं त्याहून बरीच पुढे येतात, 20 अंशांच्या आसपासही पोहोचतात.

थंडी कडक असेल तर बर्फ पक्का होतो ना?

हा गैरसमज अनुभवी लोकांतही आहे. कडाक्याची थंडी आणि पातळ बर्फ ही जोडी धोकादायक आहे.

बर्फाच्या तळाशी, जमिनीलगत, तापमान शून्य अंशाच्या आसपास राहतं, कारण वरचा बर्फ जमिनीची ऊब धरून ठेवतो. समजा डिसेंबरात अर्धा मीटर बर्फ आहे आणि रात्री पृष्ठभाग उणे 15 पर्यंत गेला. म्हणजे अर्ध्या मीटरमध्ये 15 अंशांचा फरक, दर मीटरला 30. हा फरक दर मीटरला साधारण 10 अंशांच्या वर गेला की तळाकडची वाफ वर सरकू लागते आणि बर्फाच्या कणांमधले सांधे झिजून टोकदार, पैलूदार, एकमेकांना न चिकटणारे दाणे तयार होतात. मुठीत घेतले तर जाड साखरेसारखे बोटांतून सांडतात, त्यांचा गोळा वळत नाही. जानेवारीत त्यावर दोन-तीन फूट नवा बर्फ पडला की झाली लादी तयार, पायाखाली कच्चा थर घेऊन. हा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. थंडी त्याला बरा करत नाही, टिकवून ठेवते.

म्हणून प्रदेशागणिक स्वभाव बदलतो. पीर पंजालमध्ये, म्हणजे गुलमर्ग, पटनीटॉप या बाजूला, बर्फ भरपूर आणि हवा तुलनेने उबदार. तिथे धोका वादळाच्या वेळी आणि नंतरच्या एक-दोन दिवसांत शिगेला जातो आणि मग बर्फ दबून बसू लागतो. लडाख, स्पिती, काराकोरमकडे बर्फ कमी, थंडी जास्त, त्यामुळे तळाचा कच्चा थर दीर्घकाळ राहतो. गढवाल, कुल्लू, लाहौल या दोहोंच्या मधले. मात्र हिवाळ्याची सुरुवात कोरडी गेली तर गुलमर्गलाही तळाशी तीच साखर सापडते. म्हणून नुसतं परवाचं हवामान पाहून चालत नाही. नोव्हेंबरपासून काय काय पडलं, मध्ये किती दिवस कोरडे गेले, हे स्थानिकांना विचारा.

बर्फ पडला नाही, आकाश निळं आहे. मग धोका नाही असं समजायचं का?

आधी वारा पाहा. धारेवरून बर्फाची धूळ उडताना दिसली की पलीकडच्या, आडोशाच्या उतारावर बर्फ भरला जातोय असं समजा. वारा बर्फ साठवतो तो आभाळातून पडणाऱ्या बर्फाच्या कित्येक पट वेगाने. निळ्याभोर आकाशाखाली काही तासांत तिथे नवी लादी तयार होऊ शकते. वाऱ्याने भरलेला बर्फ गुळगुळीत, गोलाईदार, खडूसारखा पांढराफटक दिसतो. त्यावर पाऊल टाकलं की पोकळ वाटतं. वाऱ्याच्या समोरच्या बाजूला बर्फ खरवडल्यासारखा, लाटालाटांचा असतो. चालायला त्रासाचा, पण तुलनेने सुरक्षित.

धारेवरच्या कॉर्निसचंही तसंच. कॉर्निस म्हणजे पलीकडे हवेत लटकलेला बर्फाचा छज्जा. तो तुटतो तेव्हा आपल्याला वाटतं त्याहून बराच मागून तुटतो. शिखरावर सेल्फीसाठी टोकाला जाणाऱ्यांना मागे ओढा.

धोक्याची उघड चिन्हं कोणती?

महत्त्वाच्या क्रमाने सांगते.

त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी, तशाच दिशेच्या उतारावर सुटलेलं हिमस्खलन दिसणं. याहून स्पष्ट निरोप डोंगर देत नाही.

चालताना पायाखालून 'व्हूम्फ' असा दबका आवाज येणं आणि बर्फ किंचित खचणं. तो कच्चा थर मोडल्याचा आवाज असतो. तुम्ही सपाटीवर होता म्हणून लादी जागची हलली नाही, एवढंच.

पावलापासून किंवा पोलपासून भेगा पळत जाणं.

24 तासांत फूटभर किंवा त्याहून जास्त नवा बर्फ, विशेषतः वाऱ्यासकट.

झपाट्याने वाढलेलं तापमान किंवा बर्फावर पडलेला पाऊस.

यातलं पहिल्या तिनांपैकी एकही दिसलं तर 30 अंशांच्या वरचा उतार त्या दिवसापुरता बंद. खड्डा खणायची, चर्चा करायची, मतदान घ्यायची गरज नाही.

बर्फात खड्डा खणून तपासतात म्हणे. ते कसं करतात?

जागा निवडणं हीच अर्धी तपासणी. जो उतार ओलांडायचाय त्याच्याच दिशेचा, त्याच्याच उंचीवरचा, पण लहान, वर काही लटकत नसलेला आणि खाली दरी नसलेला उतार हवा. झाडाच्या बुंध्याजवळ, लोकांनी तुडवलेल्या जागी, किंवा वाऱ्याने खरवडलेल्या जागी खणलेला खड्डा खोटं सांगतो.

फावड्याने सव्वा-दीड मीटर खणा आणि सावलीकडची भिंत सुरीने कापल्यासारखी सरळ करा. मग हातमोजा घातलेलं बोट वरून खालपर्यंत फिरवत न्या. थर डोळ्यांआधी बोटाला कळतात. आता प्रत्येक थरात हलक्या दाबाने काय शिरतं ते पाहा: मूठ शिरली तर थर अगदी मऊ, मग चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, आणि फक्त सुरी शिरली तर फार कडक. शोधायची ती घट्ट थराखाली दडलेली मऊ पट्टी. वर चाळीस सेंटिमीटरपर्यंत एका बोटाला दाद न देणारा बर्फ, आणि त्याखाली अचानक अख्खी मूठ आत जाते, दाणे भिंतीतून सांडून बुटावर पडतात: अशी भिंत एकदा पाहिली की लादी आणि कच्चा थर म्हणजे काय, हे पुन्हा कोणाला विचारावं लागत नाही.

मग ताणाची चाचणी. सगळ्यांत उपयोगी ती 'एक्स्टेंडेड कॉलम टेस्ट', गिर्यारोहक 'ई-सी-टी' म्हणतात. उताराला आडवा 90 सेंटिमीटर रुंद आणि वरच्या दिशेने 30 सेंटिमीटर खोल असा बर्फाचा ठोकळा चारही बाजूंनी मोकळा करायचा. मागची बाजू गाठी मारलेल्या दोरीने करवतायची. एका टोकावर फावड्याचं पातं पालथं ठेवायचं आणि त्यावर हाताने थापा मारायच्या: दहा वेळा मनगटातून, दहा वेळा कोपरातून, दहा वेळा खांद्यातून. एखाद्या थापेला भेग पडली आणि त्याच किंवा पुढच्याच थापेला ती 90 सेंटिमीटर पार करून पलीकडे गेली, तर त्या प्रकारच्या उतारावर भेग पसरू शकते. फावड्याखालीच चुरलं आणि तिथेच थांबलं तर पसरण्याची शक्यता कमी.

चाचणी चांगली आली तर उतार ओलांडावा का?

नाही, निव्वळ तेवढ्या आधारावर नाही. एका खड्ड्यात तुम्ही उताराचा फार छोटा तुकडा पाहिलेला असतो. दहा मीटरवर वाऱ्याने दुप्पट बर्फ भरलेला असू शकतो. कच्चा थर मीटरभराहून खोल असेल तर वरच्या थापा तिथपर्यंत नीट पोहोचत नाहीत, आणि खोल थराची लादीच सर्वांत मोठी सुटते.

माझा नियम असा आहे: खड्ड्याचा उपयोग 'नको' म्हणण्यासाठी करायचा, 'चला' म्हणण्यासाठी कधीच करायचा नाही. ज्या उताराबद्दल आधी शंका होती तो चांगल्या चाचणीमुळे सुरक्षित ठरत नाही. ज्याला हे मान्य नसेल त्याने खड्डा न खणलेलाच बरा.

सरकारी इशारा कुठे मिळतो आणि तो कसा वाचायचा?

भारतात हिमस्खलनाचा अंदाज डीआरडीओची 'डीजीआरई' ही संस्था देते. पूर्वी हे काम मनालीत 1969 मध्ये सुरू झालेल्या 'सासे'कडे होतं. 2020 मध्ये विलीनीकरणातून डीजीआरई झाली. तिचे इशारे राज्य आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेमार्फत आणि बातम्यांतून येतात, साधारण 'अमुक जिल्ह्यात 2,800 मीटरच्या वर जास्त धोका' अशा स्वरूपात. सोबत हवामान खात्याचा अंदाज पाहा. हिवाळ्यात हिमालयात बर्फ आणतो तो पश्चिमेकडून येणारा झंझावात, म्हणजे वेस्टर्न डिस्टर्बन्स. तो येऊन गेल्यावरचे पहिले 24 ते 48 तास सर्वांत वाईट.

इशाऱ्यात उंची दिली असेल तर आपल्या वाटेच्या आणि आपल्या डोक्यावरच्या उतारांच्या उंचीशी ताडून पाहा. कॅम्प 2,600 मीटरवर असला तरी त्याच्यावरचा डोंगर 4,000 मीटरचा असू शकतो.

जगभर धोका सांगायला पाच पायऱ्यांची पट्टी वापरतात. त्यातली तिसरी पायरी 'मधली' म्हणून लोक सोडून देतात. युरोपातल्या नोंदी पाहिल्या तर हौशी लोकांचे सर्वाधिक मृत्यू याच तिसऱ्या पायरीच्या दिवशी होतात. चौथ्या-पाचव्या पायरीच्या दिवशी सगळेच घरी बसतात. तिसऱ्या पायरीच्या दिवशी आकाश छान असतं आणि उतार तयार असतो.

जिल्ह्याचा इशारा तुमच्या नळीबद्दल काही सांगत नाही, ते काम तुमच्या डोळ्यांनाच करायचंय.

गुलमर्गला स्कीइंग शिकायला जातोय. तिथे काळजी घ्यावी लागते का?

शिकाऊ उतारांवर काळजी नाही. प्रश्न येतो गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्याच्या वर, सुमारे 3,950 मीटरवर अफरवटच्या धारेजवळ उतरल्यावर. तिथे स्की पेट्रोल, म्हणजे गस्तीचं पथक, एक ठरावीक पट्टा सांभाळतं. त्याच्या बाहेर पाऊल टाकलं की तुम्ही रानात आहात. 1 फेब्रुवारी 2023 रोजी हापतखुडला दोन पोलिश स्कीअर गेले, 22 फेब्रुवारी 2024 रोजी खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन. त्याच खिलनमर्गला फेब्रुवारी 2010 मध्ये लष्कराच्या उच्च युद्ध प्रशिक्षण शाळेचे 17 जवान हिमस्खलनात गेले होते. बर्फावर जगण्याचं शिक्षण घेणारी माणसं होती ती.

आम्ही मे महिन्यात जातोय. तेव्हा तर बर्फ वितळत असतो.

सर पास, रुपिन, बुरान घाटी करणारे बहुतेक मराठी गट मे-जूनमध्येच जातात, म्हणून हे नीट वाचा. वसंतात धोक्याचं घड्याळ उन्हावर चालतं. रात्री आकाश निरभ्र असेल तर वरचा बर्फ गोठून कडक होतो आणि पहाटे तो माणसाला पेलतो. ऊन चढलं की वितळलेलं पाणी थरांत मुरतं, सांधे सैल होतात आणि ओला, जड बर्फ सुटतो. तो संथ दिसतो, पण त्याचं वजन भयंकर असतं आणि थांबला की घट्ट बसतो.

म्हणून पास ओलांडायच्या दिवशी पहाटे तीन-चारला निघायचं आणि ऊन तापायच्या आत तीव्र उतार मागे टाकायचा. रुपिनची शेवटची नळी असो की बुरान घाटीची पलीकडची भिंत, उशीर झाला तर तिथे जाऊच नये. पूर्वेकडचे उतार आधी तापतात, मग दक्षिणेकडचे, मग पश्चिमेकडचे. पाय घोट्याच्या वर रुतू लागला, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले की वेळ संपली. रात्र ढगाळ गेली असेल तर बर्फ गोठलेलाच नसतो. त्या दिवशी लवकर निघूनही उपयोग नाही, थांबायचं.

नळी ओलांडण्यावाचून गत्यंतर नसेल तर?

आधी खरंच गत्यंतर नाही का ते तपासा. खालून वळसा घालायला तास लागतो म्हणून लोक नळी ओलांडतात. ओलांडायचीच असेल तर एका वेळी एकच माणूस. बाकीचे टप्प्याबाहेर उभे राहून त्याच्यावर नजर ठेवणार. पोलच्या दोऱ्यांतून हात बाहेर. मध्ये थांबायचं नाही, फोटो नाही, बुटाची नाडी नाही. पलीकडच्या सुरक्षित जागी पोहोचल्यावरच पुढचा निघेल. वीस जणांचा गट हातात हात घालून नळीत उभा असलेला फोटो समाजमाध्यमांवर दिसतो तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडतो.

मोठ्याने ओरडलं की हिमस्खलन होतं का?

नाही. आवाजाने सुटत नाही, वजनाने सुटतं. गरज पडली तर जोरात हाका मारा.

जंगल सुरक्षित असतं ना?

दाट जंगल असेल तर बऱ्यापैकी. झाडं इतकी दाट हवीत की त्यांच्यामधून धावत जाणं अवघड व्हावं. विरळ भूर्जाची झाडं काही अडवत नाहीत. जंगलात सरळ उभी मोकळी पट्टी, एकाच दिशेने वाकलेले बुंधे, डोंगराकडच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या, हे सगळं तिथून बर्फ येऊन गेल्याचा पुरावा आहे.

गाइड म्हणतो, "कुछ नहीं होगा, रोज जाते हैं." त्याला काय बोलायचं?

त्याचा अनुभव खरा असतो आणि त्याला मान द्या. पण कच्च्या उतारावरूनही बहुतेक वेळा माणसं सुखरूप जातात. शंभरदा काही झालं नाही म्हणून निर्णय शंभरदा बरोबर होता असं होत नाही. 4 ऑक्टोबर 2022 रोजी 'द्रौपदी का दांडा 2' वर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक लादीखाली सापडले. 27 मृतदेह मिळाले, दोघे सापडलेच नाहीत. गेलेल्यांत सविता कंसवाल होती, जिने त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरं केली होती. डोंगर माहितीचा होता, माणसं अनुभवी होती.

वाद घालू नका, प्रश्न विचारा. दादा, गेल्या आठवड्यात किती बर्फ पडला? वारा कुठल्या बाजूने होता? या नळीतून शेवटचं कधी आलं? कुठपर्यंत आलं? चांगला गाइड या प्रश्नांनी खुलतो आणि भरभरून सांगतो. उत्तरं टाळणाऱ्यामागे जाऊ नका. आणि शिखर झालं नाही तरी पैसे वाया गेले असं म्हणणार नाही, हे गटाने निघण्याआधीच गाइडला सांगावं. पुष्कळदा आपल्या नाराजीच्या भीतीनेच तो पुढे जातो.

ट्रेक कंपनी मायक्रोस्पाइक्स (बुटाखाली लावायचे खिळे) आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवरचं आवरण) देते. पुरेसं आहे?

घसरू नये यासाठी पुरेसं. हिमस्खलनात त्यांचा काहीही उपयोग नाही. त्यासाठी तीन वस्तू लागतात आणि त्या प्रत्येकाकडे लागतात: 457 किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर (सिग्नल पाठवणारं आणि शोधणारं अंगावरचं यंत्र), अडीच ते तीन मीटरची घडीची प्रोब (बर्फात टोचून शोधायची काठी) आणि धातूचं फावडं. ट्रान्सीव्हर एकट्याकडे असून चालत नाही, कारण शोधणारा दुसराच असतो. मोबाइल त्याच्यापासून लांब ठेवा. शोध घेताना निदान अर्धा मीटर, शक्य तर बंदच. ही सामग्री बाळगून सराव न केलेला गट आणि सामग्री नसलेला गट यांत फार फरक नाही.

रुळलेल्या हिवाळी ट्रेकवर ही सामग्री सहसा नसते. नसेल तर 30 अंशांच्या वरच्या उताराखाली किंवा उतारावर जायचं नाही, एवढा साधा निकष लावा.

कोणी गाडलं गेलं तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचं?

पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर येतं, कारण गुदमरून मृत्यू होतो. बचाव पथक एवढ्या वेळात येऊ शकत नाही. वाचवणार ते सोबतचेच.

वरून आणखी बर्फ येणार नाही ना ते पाहा. माणूस शेवटचा दिसला ती जागा डोळ्यांनी धरा आणि तिथून खालच्या बाजूला शोध सुरू करा. सगळ्यांनी ट्रान्सीव्हर शोधण्याच्या स्थितीत आणायचे, एकही प्रसारणावर राहता कामा नये. हातमोजा, टोपी, सॅक वर दिसते का पाहत चला. सिग्नल सर्वांत जवळचा येईल तिथे यंत्र बर्फाला टेकवून बारकाईने शोधा, मग प्रोब उताराला काटकोनात, 25 सेंटिमीटरच्या अंतराने गोल गोल बाहेर टोचत जा. प्रोब माणसाला लागली की ती काढू नका. थेट वरून खणू नका. उताराच्या खालच्या बाजूने आडवं आत शिरा, नाहीतर त्याच्यासाठी असलेली हवेची पोकळी तुम्हीच बुजवाल. तोंड आणि छाती आधी मोकळी करा. श्वास नसेल तर छातीवरच्या दाबासोबत तोंडाने श्वासही द्या.

स्वतः सापडलात तर ओरडा, पोल सोडा, कडेला जायची धडपड करा, आणि बर्फ मंदावू लागताच तोंडापुढे हात धरा. थांबला की हलता येत नाही.

हे सगळं प्रत्यक्ष शिकायला कुठे मिळेल?

उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आणि पहलगामची जवाहर संस्था इथल्या बेसिक कोर्समध्ये बर्फावरचं शिक्षण मिळतं. जागा लवकर भरतात, आधी अर्ज करा. गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था स्की कोर्स घेते. ट्रान्सीव्हरचा सराव मात्र पुण्यातल्या टेकडीवरही करता येतो: एक यंत्र पालापाचोळ्यात लपवा, घड्याळ लावा आणि पाच मिनिटांच्या आत शोधून काढा.

रेंज नसते म्हणून परदेशातून आणलेलं सॅटेलाइट कम्युनिकेटर न्यावं का?

परवानगीशिवाय नेऊ नका. भारतात सॅटेलाइट फोन आणि तशी संदेश पाठवणारी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीविना वापरणं बेकायदा आहे. विमानतळांवर अशी यंत्रं जप्त झाली आहेत, लोकांवर गुन्हेही दाखल झाले आहेत. त्याऐवजी शेवटच्या गावात रेंज कुठे मिळते, सर्वांत जवळची पोलीस, लष्कर किंवा आयटीबीपीची चौकी कुठे आहे आणि गाइडकडे वॉकीटॉकी आहे का, हे निघण्याआधी विचारून वहीत लिहा. तुमचा मार्ग आणि परतीची वेळ बेस कॅम्पवर एका माणसाकडे लिहून ठेवा, आणि किती वाजेपर्यंत आला नाहीत तर 112 ला फोन करायचा, तेही त्याला सांगून जा.